झाकण उघडं असताना

१

रविवारी दुपारचं जेवण उरकलं की लायल बॉलिथो 'अवांतर' झाडायला बसायचा. झाडायला हा शब्द त्याचाच. जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे हौशी लोक, त्यांच्यात मिसळलेले काही खरेखुरे इंजिनिअर, असा तो ऑनलाइन फोरम होता. कामाच्या धाग्यांवर ही मंडळी शहाण्यासारखी वागायची. इकडच्या तिकडच्या गप्पांसाठी ठेवलेल्या 'अवांतर' विभागात शिरली की मात्र त्यांना शिंगं फुटायची. फुटबॉलच्या पंचापासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत कशावरूनही जुंपायची. काडिना गावातल्या आपल्या घरी हीटरकडे पाय करून लायल एकेक प्रतिसाद वाचायचा, शिवी दिसली की उडवायचा, धागा फारच भरकटला तर त्याला कुलूप ठोकायचा.

नियम त्यानेच लिहिले होते. नवख्याला हसू नये. कुणाच्या टेबलावरच्या पसाऱ्याला नावं ठेवू नयेत. मदत मिळाली की आभार मानावेत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या या गृहस्थाला दुसरा नाद नव्हता.

एक नियम तेवढा शिष्टाचाराचा नव्हता, जिवाचा होता. व्हॉल्व्हच्या, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या जुन्या रेडिओचं मागचं झाकण काढून चालू यंत्रात हात घालायचा, म्हणजे सरळ मरणाशी गाठ. त्यातून बहुतेक सभासद म्हातारे आणि गॅरेजात एकटे. म्हणून काम सुरू करण्याआधी अवांतरात लिहायचं, 'झाकण उघडलं.' संपलं की, 'झाकण लावलं.' तासाभरात दुसरं वाक्य आलं नाही तर लायल किंवा फोरम सांभाळणारा त्याचा जोडीदार क्लाइव्ह त्या सभासदाला फोन करायचा. क्लाइव्ह दूरच्या होबार्ट शहरातला, निवृत्त शाळामास्तर, नियमाला नको तितका पक्का. शिवाय सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली एक गोष्ट होती. उघड्या यंत्रात हात असलेल्या माणसाला मागून कधी हाक मारायची नाही. तो दचकला की खेळ खलास. गुपचूप वळसा घालून समोर जायचं आणि तो आपणहून मान वर करीपर्यंत थांबायचं.

या अवांतराची महामाया म्हणजे पोर्ट ब्रॉटन गावची रेलीन नोस्के. बाईंचं 'झाकण लावलं' कधी सरळ आलं नाही. 'लावलं. अजून जिवंत आहे, शोकसभा रद्द करा.' लायलला ती हेडमास्तर म्हणायची आणि दर आठवड्याला तिचे दोन-चार प्रतिसाद तरी त्याला उडवावे लागायचे. वर्षातून एकदा जुन्या सामानाच्या बाजारात दोघं भेटायचे, तिथेही भांडायचे, आणि मग एका बाकावर बसून पेस्टी, म्हणजे खिम्याच्या करंज्या खायचे. खरं सांगायचं तर ती होती म्हणून तो रविवारी फोरमवर बसायचा. एवढं त्याच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी तिने लिहिलं, 'झाकण लावलं. सगळं सुरळीत. वाट पाहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार.'

लायलने ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. खाली क्लाइव्हने टाळ्या वाजवणारं चित्र डकवलं होतं.

२

नंतर ती तशीच राहिली. कुणा पोराने तीच ती शंका पुन्हा विचारली तर रेलीन सविस्तर उत्तर द्यायची, शेवटी शुभेच्छा द्यायची. कुणी चुकीचं सांगितलं तर ती तिकडे दुर्लक्ष करायची. अवांतरातली भांडणं आटली. काडी टाकणारंच कुणी उरलं नाही. 'शेवटी माणसाळवलंस तिला,' क्लाइव्हने लायलला खासगीत कळवलं. लायल सुखावला. थोडे दिवस सुखावला. मग रविवार खायला उठले. उडवायला काही नसायचं, चहा गार व्हायचा आणि तो नुसता पडद्याकडे बघत बसायचा.

त्याने मनाची समजूत घातली. वय झालं. डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळायला सांगितला असेल. कुणी तिच्या नावाने लिहीत असेल म्हणावं, तर ती टेबलाचे फोटो टाकायची आणि टेबल तिचंच होतं. कडेला सिगारेटने जळलेला डाग होता, कान तुटलेला कप होता, त्यात स्क्रू होते. फक्त फोटोत गॅरेज नेहमी काळोखात असायचं आणि दिव्याचा उजेड टेबलापुरताच पडायचा. पूर्वी मागे भिंतीवर टांगलेली हत्यारं दिसायची. आता दिव्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं. स्वस्तातला कॅमेरा असेल, असं लायलने ठरवून टाकलं.

एका रविवारी त्याने खोडी काढायची ठरवली. जुन्या रेडिओतले सगळे कंडेन्सर न तपासता सरसकट फेकून द्यावेत, असं त्याने ठोकून दिलं. रेलीनचं आयुष्य या मताशी भांडण्यात गेलं होतं. पूर्वी तिने त्याला उभा सोलला असता.

उत्तर लगेच आलं. 'लायल, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. किती छान मांडलास. आभारी आहे.'

त्याने फोन उचलला.

३

"कोण मेलंय?" पलीकडून रेलीन म्हणाली.

तो खरखरीत आवाज ऐकून लायलला एकदम बरं वाटलं.

"कुणी नाही. मी लायल."

"आठवण झाली का हेडमास्तरांना? मला वाटलं तुम्ही माझ्या नावाने आंघोळ करून मोकळे झालात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? ईस्टरच्या आधी मी फोरम सोडला. लांबलचक निरोप लिहिला होता. त्यात तुला दोन शिव्या होत्या, पण बाकी चांगलं लिहिलं होतं रे. तू वाचलास की नाही?"

लायलला पुसटसं आठवलं. पहिल्याच ओळीत शिवी होती. पुढचं न वाचता त्याने तो प्रतिसाद उडवला होता. त्या दिवशी त्याने असे बरेच उडवले होते.

"हात थरथरतात माझे," रेलीन म्हणाली. "डॉक्टर म्हणाला, विजेच्या कामाला हात लावायचा नाही. व्हायॅला शहरातला एक माणूस आला आणि टेबलासकट सगळं घेऊन गेला. गॅरेज रिकामं पडलंय. कंप्युटरसुद्धा भाचीला देऊन टाकला. वाटलं होतं, तू तरी विचारशील. एक फोन नाही केलास, लायल."

"पण तू आत्ताच लिहिलं आहेस," तो म्हणाला.

"काय?"

"फोरमवर. थोड्या वेळापूर्वी. रोज लिहितेस तू."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

"तुझ्याकडे ते दिसतं का?" शेवटी तिने विचारलं. आवाज एकदम उतरला होता. "मग घेऊन ये इकडे. मला बघायचंय."

४

पोर्ट ब्रॉटनपर्यंत गव्हाची शेतं, ओली आणि सपाट. लायल वाटेत स्वतःशीच बोलत होता. पासवर्ड चोरीला गेला असणार. भाचीला दिलेल्या कंप्युटरवरून एखादं टारगट पोर लिहीत असणार. नाहीतर व्हायॅलाच्या त्या माणसाला टेबलाबरोबर आयडीही वापरायची हौस आली असेल. टेबल त्याच्याकडे, म्हणून फोटोत टेबल. सगळं नीट बसत होतं. पोचेपर्यंत तो जवळजवळ निर्धास्त झाला होता.

रेलीनने दार उघडलं. ती वाळली होती. अंगात ढगळ करडं स्वेटर होतं. चहा ओतताना किटलीचं तोंड कपावर खडखडत होतं आणि निम्मा चहा बशीत गेला. लायलने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"बघितलंस तरी चालेल," ती म्हणाली. "सभ्यपणा घरी ठेवून यायचास."

मग तिने त्याचा टॅब्लेट ओढून घेतला आणि वाचू लागली. लायल व्हायॅलाच्या माणसाविषयी सांगत होता, भाचीविषयी विचारत होता. तिचं लक्ष नव्हतं. वाचता वाचता तिचं तोंड उघडंच राहिलं.

"लायल, हे बघ. वडिलांचा रेडिओ."

"मग?"

"तो मी कुणाला दाखवलाच नव्हता. त्या माणसालासुद्धा नाही दिला. विकवेना आणि ठेववेना. माझ्या हाताने कचरा डेपोत टाकून आले मी. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वडील माझी उंची लिहून ठेवायचे. दर वाढदिवसाला. ते इथे लिहिलंय." तिने वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि भीतीही होती. "मी नाही लिहिलं हे. पण असं मीच लिहिलं असतं. चांगली असते तर."

लायलचा हिशेब विस्कटला होता. त्याने उगाच बिस्किटाचा डबा पुढे केला.

तेवढ्यात टॅब्लेटवर टिंग झालं. अवांतरात नवा प्रतिसाद होता, रेलीनच्या नावाने.

'झाकण उघडलं. वडिलांचा रेडिओ. घरी पाहुणा आलाय, पण थोडा वेळ काढते.'

दोघं त्या ओळीकडे बघत राहिले. लायलला आधी हसू आल्यासारखं झालं. मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर त्याची एकट्याची गाडी उभी होती.

"विचार तिला," रेलीन म्हणाली. "लिही. कोण गं तू, म्हणून."

"झाकण उघडं आहे," लायल म्हणाला. तोंडातून निघूनच गेलं. काम चालू असताना कुणाला प्रश्न विचारायचे नाहीत, हाही त्याचाच नियम.

रेलीन त्याच्याकडे बघत राहिली. "अरे शहाण्या, झाकण आहे कुठे?"

५

तरीही त्याने लिहिलं नाही. उद्या पोलिसांत जाऊ, फोरम चालवणाऱ्या कंपनीला कळवू, असं काहीबाही तो बोलत राहिला. अवांतरात लोक 'जपून कर हं' म्हणत होते. तिन्हीसांज नव्हती झाली अजून, बाहेर चांगला उजेड होता, पण स्वयंपाकघर गार पडत चाललं होतं. दुसरं वाक्य काही येईना.

भिंतीवरचा फोन वाजला.

रेलीनने तो उचलून स्पीकर लावला. "रेलीन, क्लाइव्ह बोलतोय," होबार्टहून आवाज आला. "तास होऊन गेला. झाकण लावलंस ना?"

"मी स्वयंपाकघरात बसलेय, क्लाइव्ह. चहा पितेय."

"बरं झालं. जीव टांगणीला लागला होता. मग तेवढं लिहून टाक आणि तो रेडिओ बंद कर. मागे किती घुमतोय. कंडेन्सर गेलाय त्याचा."

फोन बंद झाला. घुमणं बंद झालं नाही. लायलच्या लक्षात आलं की तो आवाज आपण मघापासून ऐकतोय आणि फ्रिजचा समजतोय. फ्रिज त्याच्या पाठीशी होता. आवाज घराच्या दुसऱ्या टोकाकडून, गॅरेजकडून येत होता. गरम झालेल्या व्हॉल्व्हचा, जड, एकसुरी. असा आवाज त्याने आयुष्यभर ऐकला होता आणि तो त्याला आवडायचा. आता तो त्याला नकोसा झाला.

रेलीन उठली.

"नको," तो म्हणाला. "आपण बाहेर जाऊ."

"माझं घर आहे हे," ती म्हणाली. हात लटलटत होते, पण चेहऱ्यावर तोच जुना राग होता, फोरमवरचा. "कोण शिरलंय ते बघितल्याशिवाय मी बाहेर जाणार नाही. तुला यायचं तर ये."

कपडे धुण्याच्या खोलीतून गॅरेजात जायचं दार होतं. दाराखालून पिवळा उजेड येत होता. रेलीनने कडी काढली.

६

आत काळोख होता आणि काळोखाच्या मध्यभागी टेबल होतं. टेबलावर दिवा, मान वाकवलेला. जळलेला डाग, कान तुटलेला कप. रेडिओ मागून उघडा होता आणि त्यावर एक बाई वाकली होती. तिची पाठ त्यांच्याकडे होती. अंगात ढगळ करडं स्वेटर. विजेच्या कामाच्या रीतीप्रमाणे एक हात खिशात, दुसरा मनगटापर्यंत रेडिओत. हात जरासुद्धा थरथरत नव्हता.

ती पाठ लायल ओळखत होता. बाजारातल्या गर्दीत दर वर्षी तो ती पाठ शोधायचा. आता ती त्याच्यासमोर दोनदा होती.

दुसरा कुणीही माणूस असता तर ओरडला असता. रेलीन, मागे फिर, असं ओरडून त्याने तिला दंडाला धरून ओढलं असतं. लायलने काय केलं, तर श्वास रोखला. एक हात आपणहून तोंडावर गेला. उघडं झाकण, आत हात, आणि पाठमोरं माणूस. ओरडायचं नाही. डोक्यात दुसरं काही आलंच नाही. सगळ्या आयुष्याची सवय त्या एका क्षणी त्याच्या मानगुटीवर बसली.

रेलीनचीही तीच गत झाली. आली होती तावातावाने, पण उंबऱ्यातच तिची पावलं हलकी झाली. टाच न टेकवता ती भिंतीकडेने निघाली. टेबलाला वळसा घालून समोर जायचं आणि थांबायचं. जाताना तिने एकदा वळून लायलकडे पाहिलं. तिचे डोळे विस्फारले होते. तो काहीतरी म्हणेल म्हणून ती थांबली, असं त्याला नंतर कायम वाटत राहिलं. मग ती दिव्याच्या पलीकडे गेली, आणि तिथे गेल्यावर दिसेनाशी झाली.

वाकलेल्या बाईने सावकाश मान वर केली.

दिवा गेला. घुमणं थांबलं. लायल काळोखात उभा राहिला, तोंडावर हात तसाच. हाक मारावी हे त्याला सुचलं तेव्हा भिंतीवरचं बटण हाताला लागलं होतं.

ट्यूब लुकलुकत पेटली. गॅरेज रिकामं होतं. सिमेंटची जमीन, तेलाचा एक जुना डाग, गुंडाळून ठेवलेला पाण्याचा पाइप. मधोमध रेलीन उभी होती, पाठमोरी.

ती वळली आणि हसली. "माफ कर हं, लायल. तुला ताटकळत ठेवलं."

७

ती त्याला स्वयंपाकघरात घेऊन आली. त्याला खुर्ची दिली, गुडघ्यांवर शाल टाकली, नवा चहा केला. कप काठोकाठ भरला आणि एक थेंब न सांडता त्याच्यासमोर ठेवला. प्रवास कसा झाला, बहीण कशी आहे, काडिनात पाऊस किती, सगळं तिने आस्थेने विचारलं आणि त्याचं उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतलं. लायल काय उत्तरं देत होता, ते त्याचं त्याला कळत नव्हतं.

"रेलीन," शेवटी तो म्हणाला, "मला शिव्या दे."

"अरे, का बरं? इतका चांगला माणूस तू. एवढ्या लांब आलास माझ्यासाठी."

त्याला हुंदका फुटला. तिने लगेच रुमाल पुढे केला.

टेबलावरचा टॅब्लेट टिंग वाजला. समोर बसलेल्या बाईचे दोन्ही हात कपाभोवती होते. अवांतरात रेलीनच्या नावाने ओळ आली होती.

'लायल गाढवा हाक का नाही मारलीस'

तो ती दुसऱ्यांदा वाचणार तोच ती गेली. तिच्या जागी क्लाइव्हची सूचना उमटली. 'असभ्य भाषेमुळे प्रतिसाद काढून टाकला आहे.'

लगेच दुसरी आली. 'इथे काही दिसत नाही. हरामखोरा हाक मार ना मला.' तीही गेली.

लायलने टॅब्लेट ओढला. क्लाइव्हला थांबवायचं होतं, पण बोटं भलतीकडेच पडत होती, संपादकाचं पान उघडेना, पासवर्ड चुकला, पुन्हा चुकला. तेवढ्यात तिसरी ओळ आली. तिच्यात शिवी नव्हती. नुसतं त्याचं नाव होतं, आणि पुढे 'मला भीती वाटतेय.' ती वाचून होते न होते तोच रेलीनचं नाव फिकं पडलं आणि खाली लिहून आलं, 'वारंवार नियमभंग केल्यामुळे हा आयडी कायमचा बंद केला आहे.'

पाठोपाठ क्लाइव्हचा खासगी निरोप आला. 'नाइलाज झाला, लायल. मधे किती छान वागत होती. तूच सांग, तुझेच नियम ना?'

लायल उठला. खुर्ची मागे पडली. धडपडत तो कपडे धुण्याच्या खोलीतून गॅरेजच्या दाराशी गेला. ट्यूब अजून चालू होती आणि समोर रिकामी जमीन होती. त्याने दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरलं आणि छाती फुटेस्तोवर हाक मारली.

"रेलीन."

गॅरेजात काही हललं नाही. त्याने पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्याने, आवाज फाटेपर्यंत.

मागे स्वयंपाकघरात कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

"आले हं," ती हळुवारपणे म्हणाली, आणि तिची पावलं त्याच्याकडे येऊ लागली.